दिंडोरीचा वार्ताहर कोणत्या आकड्यात बसतो?

२०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार होती आणि त्यात दिंडोरी तालुका ३ लाख १५ हजारांच्या पुढे. तालुक्यात पोलीस ठाणी दोन, दिंडोरी आणि वणी. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव ही सहा धरणं, एक कादवा साखर कारखाना. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तालुक्याच्या नावाचा लोकसभा मतदारसंघही झाला. २०२४ च्या निवडणुकीत आडनाव आणि चिन्ह यांच्या साम्यामुळे इथे एका अनोळखी उमेदवाराला १ लाखाहून अधिक मतं पडली, तेव्हा चार दिवस सगळा महाराष्ट्र दिंडोरीकडे बघत होता. हे चार दिवस सोडले तर वर्षाचे बाकीचे ३६१ दिवस या तालुक्याची बातमी देणारी माणसं मोजकीच. एकीकडे ननाशीचा आदिवासी पट्टा, दुसरीकडे खेडगाव-मोहाडीचा द्राक्षपट्टा, मध्ये मोटारसायकल आणि खिशात मोबाईल.

ही माणसं कुठे मोजली जातात? वकिलाची सनद बार कौन्सिलकडे असते, डॉक्टरची नोंद वैद्यक परिषदेकडे. दिंडोरीतून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बागसुद्धा ‘ग्रेपनेट’वर नोंदलेली असते, कोणत्या बागेतला माल कोणत्या कंटेनरमध्ये गेला ते शोधता येतं. त्या बागेवर गारपीट झाली हे जगाला सांगणाऱ्याची मात्र अशी सरकारी नोंद होतेच असं नाही. पत्रकारितेला परवाना नाही हे चांगलंच आहे आणि तसंच राहावं. सरकारने दिलेला परवाना सरकार काढूनही घेऊ शकतं. पण परवाना नसल्याची किंमत तालुक्याचा वार्ताहर मोजतो. तो आहे हे सांगणारा कागद त्याच्याकडे नसतो. पत्रकारांच्या कायद्याला आणि योजनांना हात घालायचा म्हटला की हा कागद आधी मागितला जातो. संघटनेची सभासद नोंदवही हा त्या कागदांमधला पहिला कागद. संघटनेत येण्याचे फायदे मोजायचे तर मी तिथूनच सुरुवात करतो.

१४४ तास, ३ वर्षं आणि एक व्याख्या

ऑक्टोबर १९५० मध्ये दिल्लीत भारतीय श्रमिक पत्रकार महासंघ स्थापन झाला. पत्रकारांच्या कामाच्या अटी कायद्याने ठरवा, ही मागणी त्याने लावून धरली. १९५२ मध्ये न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला, १९५४ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकार कायदा झाला. संघटना ते कायदा हे अंतर ५ वर्षांत कापलं गेलं. आज चांगल्या पगारावर काम करणाऱ्या आणि संघटना कशाला हवी असं विचारणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी हा क्रम आवर्जून सांगतो. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीमागे ती ५ वर्षं आहेत.

त्या कायद्याने पत्रकाराचं काम ४ आठवड्यांत १४४ तासांवर बांधलं, म्हणजे आठवड्याला सरासरी ३६ तास. दर ११ दिवसांच्या कामामागे १ दिवस अर्जित रजा, दर १८ दिवसांमागे १ दिवस वैद्यकीय रजा. नोकरीवरून काढायचं तर संपादकाला ६ महिन्यांची आणि इतर पत्रकारांना ३ महिन्यांची नोटीस. ग्रॅच्युइटी इतर कामगारांना ५ वर्षांनंतर लागू होते, पत्रकाराला ३ वर्षांनंतर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत विलीन झाला. पण १४४ तास आणि ग्रॅच्युइटीची ३ वर्षं संहितांतही कायम आहेत. शिवाय डिजिटल आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतले पत्रकार आता व्याख्येत आले आहेत, जे १९५५ च्या कायद्यात नव्हते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब करून पाहू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला २० हजार आणि नोकरी ३ वर्षं. २० हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ३. उत्तर ३४ हजार ६१५ रुपये. नाशिकच्या कार्यालयात टेबलावर बसणाऱ्या उपसंपादकाला ही रक्कम सुटते. त्याच पानासाठी दिंडोरीहून १५ वर्षं बातमी पाठवणाऱ्याच्या हाती शून्य येतं. दोघांमधला फरक कामाचा नाही, नियुक्तीपत्राचा आहे.

आणि इथे कायद्याची व्याख्या नीट वाचायला हवी. श्रमिक पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आहे आणि जो एक किंवा अधिक वृत्तपत्र संस्थांत पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नोकरीत आहे, असा माणूस. ‘अर्धवेळ’ हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे. ‘बातमीदार’ आणि ‘वार्ताहर’ दोघेही यादीत आहेत. म्हणजे तालुक्याच्या माणसाला कायद्याने बाहेर ठेवलेलं नाही. तो अडतो ‘मुख्य व्यवसाय’ आणि ‘नोकरीत’ या दोन अटींवर.

दिंडोरीच्या मोटारसायकलचा हिशेब

समजा एक वार्ताहर रोज सरासरी ४० किलोमीटर फिरतो. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे १ हजार ४० किलोमीटर. गाडी लिटरला ५० किलोमीटर चालते असं धरलं तर २१ लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपये धरले तर २ हजार २०० रुपयांच्या आसपास. मानधन महिन्याला दीड हजार असेल तर बातमी देण्यासाठी तो घरातून महिन्याला ७०० रुपये घालतो. मोबाईलचा रिचार्ज, गाडीचं सर्व्हिसिंग, पावसात भिजून बंद पडलेला फोन हे या हिशेबात धरलेलंच नाही. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. आपापल्या तालुक्यातल्या वार्ताहराला विचारा आणि दुरुस्त करून पाहा. शेवटची ओळ फारशी बदलत नाही.

मग माणूस टिकतो कशावर? जाहिरातीवर. दिवाळी अंक, वर्धापन दिन, नेत्याचा वाढदिवस, दहावीच्या निकालाचं अभिनंदन. समजा वर्षाचं टार्गेट १ लाख आणि कमिशन १५ टक्के. हातात १५ हजार. मानधन वर्षाला १८ हजार, त्यातून पेट्रोल वजा केलं की खाली उरते तूट. म्हणजे त्याची खरी कमाई जाहिरातीची. बातमीची नाही. त्यात जाहिरातदाराने पैसे थकवले तर वसुली वार्ताहराकडून करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. सरपंचाच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात ज्याने आणली, त्यानेच त्या गावच्या पाणीपुरवठा योजनेतला घोळ लिहायचा. लिहिला तर जाहिरातीची बाकी बुडते आणि ती त्याच्याच खात्यावर चढते. ग्रामीण बातमीदारीवर सर्वात मोठा दबाव गुंडांचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्या मते तो या थकीत बिलाचा आहे, आणि तो दिसत नाही म्हणून त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

याला कायद्याची दुसरी बाजूही आहे. उद्या हक्काचा प्रश्न निघाला तर मालकाचा वकील विचारणार, तुमची मिळकत कशातून आहे? जाहिरातीच्या कमिशनमधून. मग तुम्ही पत्रकार कसे, तुम्ही तर एजंट. आणि घरची तीन एकर द्राक्षं असतील तर तुम्ही शेतकरी. जो माणूस रात्री ११ वाजता वणीच्या अपघाताचे फोटो पाठवतो, त्याचा ‘मुख्य व्यवसाय’ पत्रकारिता नाही असं कागदावर सिद्ध होऊ शकतं.

एकटा वार्ताहर हे बदलू शकत नाही. त्याने नियुक्तीपत्र मागितलं तर त्याच्या जागी दुसरा नेमला जातो, एका फोनवर. पण दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाणा, चांदवड, निफाड इथल्या वार्ताहरांनी एकाच दिवशी एकाच मजकुराचं पत्र दिलं तर सहा माणसं एका फोनवर बदलत नाहीत. व्यावसायिक सुरक्षा संहितेने १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देण्याचं बंधन घातलं आहे. मागण्यासाठी कायद्याचा आधार आहे. मागणारा एकटा नसावा, एवढीच गोष्ट बाकी आहे.

संघ आणि युनियन

इथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. तालुक्यातले बहुतेक पत्रकार संघ संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. हे संघ पत्रकार दिन साजरा करू शकतात, शिबिरं घेऊ शकतात, अडचणीतल्या सभासदाला मदत करू शकतात, निवेदन देऊ शकतात. मालकाशी वेतनाच्या वाटाघाटी करण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नाही. तो कामगार संघटनेला असतो.

कामगार संघटना नोंदवायला अर्जावर किमान ७ जण लागतात. शिवाय संबंधित आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एखाद्या आस्थापनेत ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद आहेत ती वाटाघाटीची एकमेव संघटना. तसं कुणीच नसेल तर २० टक्क्यांच्या प्रमाणात प्रतिनिधी घेऊन परिषद बनते. १९२६ च्या कायद्यात सभासद वर्गणीचा किमान दर वर्षाला १२ रुपये लिहिला होता, ग्रामीण कामगारांसाठी १ रुपया. वर्गणी ही अडचण कधीच नव्हती. अडचण ५१ टक्क्यांची आहे. ज्यांची नावं कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत ते या ५१ टक्क्यांत मोजलेच जात नाहीत, आणि तालुक्याचा वार्ताहर हजेरीपटावर नसतो.

मजिठिया वेतन आयोगाच्या बाबतीत हे स्पष्ट दिसलं. शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या, ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या आणि थकबाकी चार हप्त्यांत एका वर्षात द्यायला सांगितलं. तरी पैसे आले नाहीत म्हणून अवमान याचिका झाल्या. १९ जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की कायम आणि कंत्राटी असा भेद करता येणार नाही, कमी पगार मान्य असल्याचं लिहून घेतलं असलं तरी आयोगाच्या खालचं वेतन चालणार नाही, आणि वाद असेल तर कलम १७ खाली कामगार विभागाकडे जा. या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे. वेतन मिळवायचं तर प्रत्येकाने आपली थकबाकी मांडून अर्ज करायचा. कोणत्या वर्गातलं वृत्तपत्र, कोणती श्रेणी, महागाई भत्ता किती, हा तक्ता एकट्याला करता येत नाही. जिथे युनियन होती तिथे तक्ते झाले आणि दावे उभे राहिले. १९५६ पासून पत्रकारांसाठी दिवाटिया, शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना आणि मजिठिया असे सहा वेतन आयोग झाले. नव्या वेतन संहितेत पत्रकारांसाठी वेगळ्या आयोगाची तरतूद नाही. म्हणजे यापुढे वेतन ठरणार ते वाटाघाटीतून, आणि वाटाघाटीसाठी समोर कुणीतरी लागतं. संघटनेचं महत्त्व कमी झालं असं म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ पुन्हा वाचावी.

मारहाण झाली त्या रात्री

जगाची आकडेवारी आधी. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या जागतिक निर्देशांकात १८० देशांत भारत २०२३ मध्ये १६१ वा, २०२४ मध्ये १५९ वा, २०२५ मध्ये १५१ वा होता. २०२४ हे वर्ष पत्रकारांसाठी तोवरच्या नोंदींतलं सर्वात घातक वर्ष ठरलं. पत्रकार संरक्षण समितीने त्या वर्षी जगभरात १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेल्याची नोंद केली. युनेस्कोच्या मोजणीत पत्रकारांच्या हत्यांपैकी ८५ टक्के प्रकरणांचा छडाच लागलेला नाही. ही मोजणी सरकारांनी केलेली नाही. ती संघटनांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी केली. आपल्याकडे २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत मिळून पत्रकारांवरच्या १४२ हल्ल्यांचे गुन्हे नोंदल्याची आकडेवारी केंद्राने संसदेत दिली होती. पोलीस ठाण्याच्या दारातून परत पाठवलेला वार्ताहर या १४२ मध्ये नाही.

महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा ७ एप्रिल २०१७ ला विधिमंडळात मंजूर झाला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१९ मध्ये लागू झाला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. १९३९ मध्ये स्थापन झालेली मराठी पत्रकार परिषद आणि पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने वर्षानुवर्षं तालुक्या-तालुक्यांतून धरणी आणि मोर्चे काढले नसते तर तो झाला नसता, याबद्दल मला शंका नाही. पत्रकारावर किंवा माध्यम संस्थेवर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा. औषधोपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई आरोपीकडून. खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाही शिक्षा. या कायद्यात पत्रकाराची व्याख्या ‘नियमित किंवा कंत्राटी’ अशी आहे, आणि ‘मुख्य व्यवसाय’ ही अट इथेही आहे.

आता कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहा. वाळूच्या ट्रॅक्टरचा फोटो काढला म्हणून एखाद्याला धक्काबुक्की झाली. रात्री ९ वाजता तो ठाण्यात जातो. कपडे फाटलेले, फोन फुटलेला. ठाणे अंमलदार विचारतो, ‘पत्रकार कशावरून?’ नियुक्तीपत्र नाही. ओळखपत्राची मुदत मार्चमध्येच संपली आहे. दैनिकाच्या कार्यालयात फोन केला तर पान सोडण्याची वेळ, कुणी उचलत नाही. मग अदखलपात्र नोंद होते, किरकोळ मारहाण म्हणून. संरक्षण कायद्याचं कलम लागतच नाही. याच वेळी तालुक्याच्या संघाचे चार जण सभासद नोंदवही, कायद्याची प्रत आणि गेल्या महिन्यातली कात्रणं घेऊन ठाण्यात येऊन बसले, तर नोंद बदलते. ३ वर्षं शिक्षेचा कायदा आणि अदखलपात्र नोंद यांच्यामध्ये ही चार माणसं असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वरमध्ये वाहनांच्या पावतीवरून वृत्तवाहिन्यांच्या प्रतिनिधींना मारहाण झाली. जिल्ह्यातले पत्रकार एकत्र आले, गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. ही माणसं मोठ्या वाहिन्यांची होती आणि हातात बूम होता. तसं पाठबळ नसलेल्या माणसाचं काय होतं ते राजापूरला दिसलं. शशिकांत वारिशे तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या जमिनींच्या व्यवहारांवर लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ ला, बातमी छापून आली त्याच दिवशी, त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. अपघात म्हणून ते प्रकरण मिटू शकलं असतं. राज्यभरच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, खुनाचा गुन्हा लागला, विशेष तपास पथक नेमलं गेलं, कुटुंबाला २५ लाखांची मदत जाहीर झाली. वारिशे तालुक्याचे बातमीदार होते. त्यांच्यासारखाच कुणीतरी आज दिंडोरीत रात्री बातमी टाइप करत असेल.

बदनामीच्या खटल्यात २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. पण वार्ताहराला शिक्षेआधी तारखा थकवतात. दर तारखेला कामाचा दिवस जातो, वकिलाची फी जाते. संघटनेने दोन स्थानिक वकील बांधून ठेवले तर हा खर्च वाटला जातो. महिला वार्ताहरांसाठी आणखी एक गोष्ट. १० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तालुक्यात एकट्याने काम करणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगितलं असेल? संघाच्या पहिल्या बैठकीत हा कागद वाटला तरी खूप झालं.

३० वर्षांचा पुरावा

माझ्या ओळखीचे एक वार्ताहर वणीकडच्या भागात नव्वदच्या दशकापासून लिहीत आले. ज्येष्ठ पत्रकारांच्या सन्मान योजनेचा अर्ज भरायला बसले तेव्हा मी सोबत होतो. आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला ११ हजार रुपये होते, पुढे ते २० हजार झाले. सुरुवातीच्या अटी वयाच्या ६० वर्षांच्या आणि ३० वर्षं अनुभवाच्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रणं काढली. पहिला गठ्ठा वाळवीने खाल्लेला. जी उरली त्यांवर नाव नव्हतं. त्या काळी तालुक्याच्या बातमीला नाव नसेच. ‘दिंडोरी, ता. १४ (वार्ताहर)’ एवढंच. कोणता वार्ताहर हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आज सिद्ध करता येत नाही. एक साप्ताहिक बंद पडलेलं, त्याच्या संपादकांचं निधन झालेलं. पानापानावर बोट ठेवत ते सांगत होते, ही पालखेड कालव्याची, ही गारपिटीची, ही सप्तशृंगीच्या यात्रेतली. प्रत्येक बातमी त्यांना आठवत होती.

महिन्याला २० हजार म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. संघाची वर्गणी वर्षाला ५०० रुपये धरली तरी ३० वर्षांत १५ हजार होते, एका महिन्याच्या सन्मान निधीपेक्षाही कमी. पावतीबुक आणि सभासद यादी दर वर्षी नीट ठेवली असती तर निदान कोणत्या वर्षी कोणत्या दैनिकासाठी काम केलं याचा माग काढता आला असता. सभासदत्व अनुभवाच्या दाखल्याची जागा घेत नाही, पण दाखला कुठे शोधायचा ते सांगतं.

केंद्राची पत्रकार कल्याण योजना याहून कमी लोकांना माहीत आहे. पत्रकाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, गंभीर आजारात ३ लाखांपर्यंत, अपघातात २ लाखांपर्यंत मदत. सरकारची अधिस्वीकृती नसली तरी किमान ५ वर्षं पत्रकारिता केल्याचा पुरावा दिला तर अर्ज करता येतो. अर्ज करायची वेळ येते तेव्हा पत्रकार स्वतः नसतो किंवा दवाखान्यात असतो, आणि घरच्यांना योजनेचं नावही माहीत नसतं. हे काम संघाच्या सचिवाचं आहे. अधिस्वीकृती देणाऱ्या राज्य आणि विभागीय समित्यांवर संघटनांचे प्रतिनिधी असतात. भारतीय प्रेस कौन्सिलच्या २८ सदस्यांपैकी १३ जागा संपादक आणि श्रमिक पत्रकारांच्या आहेत, त्याही संघटनांनी पाठवलेल्या नावांतून भरल्या जातात. दिंडोरीचा माणूस या जागांपर्यंत पोहोचो न पोहोचो, तिथे बसलेल्याला तालुक्याची स्थिती कळवण्याची वाट संघटनेतूनच जाते.

फायद्यात धरू नये असं

वर्गणी घेताना विमा देतो म्हणणाऱ्या संघटना आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, आणि प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा. हे वयाच्या अटीत बसणाऱ्या कुणालाही मिळतं, त्यासाठी संघटना नको. संघटना याहून मोठं कवच गटाने मिळवत असेल तरच तो तिचा फायदा म्हणावा. सभासदाचं ओळखपत्र म्हणजे अधिस्वीकृती नाही. गाडीवर ‘प्रेस’ लिहिल्याने वाहतुकीच्या नियमांतून सूट मिळत नाही. अधिस्वीकृतीधारकांची रेल्वेतली ५० टक्के सवलतही मार्च २०२० मध्ये बंद झाली. आणि पैसे घेऊन कार्ड वाटणाऱ्या संघटनांमुळे खऱ्या बातमीदाराला ठाण्यात ‘पत्रकार कशावरून?’ हा प्रश्न ऐकावा लागतो, म्हणून त्यांच्यापासून दूर राहणं हे सभासदाचं कर्तव्यच आहे. सभासद होण्याआधी नोंदणी क्रमांक मागावा, मागच्या वर्षाचं लेखापरीक्षण मागावं, पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज दिला होता का ते विचारावं. शेवटची निवडणूक कधी झाली हाही प्रश्न विचारावा. ज्या संघात हे विचारल्यावर राग येतो, तिथे वर्गणी भरू नये.

पत्रकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९२६ मध्ये पॅरिसला स्थापन झाला. १४० हून अधिक देशांतले ६ लाख पत्रकार आज त्याच्या छत्राखाली आहेत. ब्रिटनची राष्ट्रीय पत्रकार संघटना १९०७ ची. तिच्या लंडनच्या मुक्त पत्रकार शाखेने एक साधं काम केलं. कोणत्या प्रकाशनाने कोणत्या कामाचे किती पैसे दिले हे सभासदांनी कळवायचं आणि ते सगळ्यांना पाहता यायचं. दर कुणी ठरवून दिले नाहीत, फक्त उघड केले. एकाला दुसऱ्याचा दर कळला की घासाघीस करताना दोघांचाही हात वर राहतो.

दिंडोरीत हे करायला सर्व्हर लागत नाही. एक शंभर पानी वही पुरेल. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात बातमी कुठली, तिसऱ्यात किलोमीटर, चौथ्यात मानधन किती ठरलं. पाचवा रकाना थोडा रुंद आखावा. त्यात पैसे किती दिवसांनी हातात पडले ते लिहायचं.